पावणी, मेणबत्ती आणि शेवटचे सहा सेकंद

गोव्यात आमच्या वाड्यावरच्या सार्वजनिक गणपतीसमोर माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-नारळांची, पावणी (लिलाव) होते. ज्यांनी अशी पावणी पाहिली आहे, त्यांना लिलावाचं अर्धं शास्त्र आधीच ठाऊक असतं. पुकारणारा नारळांचा घड हातात धरून उभा असतो. "पाचशे एक वार... पाचशे दोन वार..." इथे तो थांबतो, मंडपभर नजर फिरवतो. मागच्या खांबाला टेकलेला कोणीतरी "साडेपाचशे" म्हणतो आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. तिसरा वार उच्चारण्याआधी पुकारणारा इतका रेंगाळतो, की ज्याला वाढवायचं आहे त्याला वेळ मिळतोच. त्या मंडपात अगदी शेवटी तोंड उघडून कोणी बाजी मारू शकत नाही. तिथे शेवटाची वेळ ठरलेलीच नसते; सगळे गप्प झाले की शेवट झाला.

मी लहानपणापासून हीच रीत बघत आले. त्यामुळे पहिल्यांदा एका परदेशी साइटवर लिलावात उतरले तेव्हा डोक्यात पावणीच होती. वडिलांनी पोर्तुगीजकालीन नाणी जमवली होती, त्यांत दों लुईश राजाचा 1882 चा चांदीचा रुपिया नव्हता. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर ब्रिटिश रुपयाच्या वजनाचं जे नाणं पाडलं गेलं, ते हे. साइटवर ते दिसलं तेव्हा मी 60 डॉलरची बोली लावून ठेवली. पाच दिवस मीच पुढे होते, किंमत 38 डॉलरवर होती. लिलाव संपायला सहा सेकंद असताना पान हललं, आणि नाणं 61 डॉलरला दुसऱ्या कुणाचं तरी झालं. एका डॉलरने. मला त्या रात्री झोप लागली नाही.

असं कुणी शेवटच्या क्षणी येऊन उचलून नेलं, की आपल्याला वाटतं त्याचं बोट जलद होतं, किंवा त्याने काहीतरी लबाडी केली. दोन्ही समज चुकीचे आहेत. काय झालं ते नीट समजून घेतलं की पुढचा लिलाव पुष्कळ शांत डोक्याने खेळता येतो. म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट शब्दाविषयी. 'लिलाव' हा आपण मराठीत रोज वापरतो तो शब्द पोर्तुगीजांच्या 'लेलांव'वरून आला आहे. गोव्यात मात्र गावकरी तोंडात 'पावणी' राहिली: देवळातली पावणी, कोमुनिदादीच्या (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) शेतांची पावणी, मानशीची पावणी (मानशीविषयी पुढे सांगते). 2012 च्या खाणबंदीनंतर पडून राहिलेलं खनिज विकायची वेळ आली आणि 'ई-लिलाव' हा तिसरा शब्दही डिचोली-सांग्याच्या घराघरांत पोचला. तीन शब्द, आणि तिन्हींचे नियम वेगळे. लिलावात सगळं काही नियमांवर ठरतं, त्यातही शेवट कसा होतो या एका नियमावर.

ईबेसारख्या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर तुम्ही आकडा टाकता तेव्हा ती तुमची 'चालू बोली' नसते. ती तुमची कमाल मर्यादा असते आणि ती साइट गुप्त ठेवते. तुमच्या वतीने साइट लागेल तेवढीच बोली पुढे सरकवते. समजा तुम्ही 60 टाकले आणि दुसऱ्या कुणाची मर्यादा 37 आहे. 25 ते 100 डॉलरच्या टप्प्यात ईबेवर बोलीची पायरी एक डॉलरची असते, म्हणून किंमत दिसेल 38 आणि पुढे असाल तुम्ही. 60 मधले उरलेले 22 कुणाला दिसत नाहीत. जिंकलात तर तुम्ही तुमची मर्यादा भरत नाही; दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाच्या मर्यादेपेक्षा एक पायरी जास्त, एवढंच भरता.

हा प्रकार कागदावर सगळ्यात स्वच्छ मांडला तो विल्यम विक्री (Vickrey) या अर्थतज्ज्ञाने, 1961 मध्ये, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची किंमत भरायची असेल, तर प्रत्येकाने आपल्याला ती वस्तू खरोखर जेवढ्याची वाटते तोच आकडा एकदा लिहावा आणि स्वस्थ बसावं. कमी लिहून फायदा नाही, कारण भरायची रक्कम तुमच्या आकड्यावर ठरतच नाही. कमी लिहिल्याने फक्त हरण्याची शक्यता वाढते. जास्त लिहूनही फायदा नाही, कारण मग परवडत नाही अशा किमतीला वस्तू गळ्यात पडू शकते. 1996 मध्ये विक्रींना नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी ते वारले.

आता माझ्या नाण्याकडे परत या. खरं सांगायचं तर तो रुपिया मला 75 डॉलरपर्यंत हवा होता. मी 60 लिहिले ते पावणीच्या सवयीने. वाटलं, कुणी वाढवलं तर आपणही वाढवू. जिंकणाऱ्याला 61 ला मिळालं याचा अर्थ त्याची मर्यादा 61 होती असा मुळीच नाही. ती 65 असेल, 200 असेल. साइटला फक्त माझ्या 60 च्या एक पायरी पुढे जायचं होतं. मी पहिल्याच दिवशी 75 लिहिले असते आणि त्याची मर्यादा 70 असती, तर तो सहाव्या सेकंदाला आला असता काय किंवा सहाव्या तासाला, नाणं मला 71 ला मिळालं असतं. त्याची मर्यादा 90 असती तर ते 76 ला त्याचं झालं असतं आणि मला वाईट वाटायचं काही कारणच उरलं नसतं. 'एका डॉलरने हरले' हे वाक्य अशा लिलावात जवळपास नेहमीच खोटं असतं.

मग प्रश्न उरतो. विक्रींचं गणित बरोबर असेल तर कधीही आकडा टाकला तरी सारखंच. लोक शेवटच्या सेकंदापर्यंत दबा धरून का बसतात? याला स्नायपिंग म्हणतात, आणि ते ईबेच्या नियमांत बसतं.

पहिलं कारण म्हणजे माझ्यासारखी माणसं. आपली खरी मर्यादा न लिहिता 'कुणी मागे टाकलं तर बघू' असं म्हणणारे खूप असतात. अशा माणसासमोर तुम्ही तिसऱ्या दिवशी बोली लावली तर तो चवथ्या दिवशी वाढवतो, चेव येऊन पाचव्या दिवशी आणखी वाढवतो. तुम्ही शेवटच्या सहा सेकंदांत आलात तर त्याला वाढवायला वेळच नाही. त्याचा अर्धवट लिहिलेला आकडाच त्याची मर्यादा ठरतो. माझं नेमकं हेच झालं.

दुसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: बोली ही स्वतःच एक बातमी असते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एखादी जाणती बाई एका टोपलीशी थांबून मासळी उलटीपालटी करू लागली की आजूबाजूच्या चौघी लगेच तिथे जमतात. तिला कळतं म्हणजे मासळी ताजी असणार. ऑनलाइन तसंच. जुन्या नाण्यांतला, चिनी मातीतल्या भांड्यांतला किंवा हस्तलिखितांतला जाणकार बोली लावतो तेव्हा बाकीच्यांना फुकटात कळतं की वस्तू अस्सल आहे. मग ज्याला स्वतःला पारख नाही तोही निर्धास्तपणे वाढवतो. वर्षानुवर्षं अभ्यास करून मिळवलेली नजर जाणकाराने अशी वाटून का टाकावी? तो शेवटच्या क्षणापर्यंत थांबतो, आणि त्यात गैर काही नाही.

तिसरं कारण नकली बोलीवाले. विकणाऱ्याचाच माणूस दुसऱ्या खात्यावरून एकेक पायरी चढवत तुमची गुप्त मर्यादा कुठवर आहे ते चाचपत जातो. साइट्सवर याला बंदी आहे, तरी प्रकार घडतात. पाच दिवस आधी लिहिलेली मर्यादा चाचपायला पाच दिवस मिळतात. सहा सेकंद आधी लिहिलेलीला मिळत नाहीत.

आणखी एक कारण जरा गमतीचं, अर्थतज्ज्ञांनी शोधलेलं. समजा एका वस्तूमागे दोघेच आहेत. दोघंही सुरुवातीला उतरले तर चढाओढ होऊन किंमत वर चढते. दोघंही शेवटच्या क्षणापर्यंत थांबले तर इंटरनेटच्या गोंधळात कधी एकाची बोली पोचत नाही, कधी दुसऱ्याची, आणि ज्याची पोचली त्याला वस्तू स्वस्तात मिळते. एकमेकांशी एक शब्दही न बोलता दोघांचा जणू समझोता होतो आणि तोटा विकणाऱ्याचा होतो.

हे सगळं इंटरनेटने आणलं असं समजू नका. सतराव्या शतकात लंडनमध्ये मेणबत्तीवर लिलाव चालत. इंचभर मेणबत्ती पेटवायची. ज्योत विझताना शेवटची बोली ज्याची, माल त्याचा. सॅम्युअल पेपीस या सरकारी अधिकाऱ्याने 1662 च्या सप्टेंबरात जहाजांच्या अशा एका विक्रीची नोंद रोजनिशीत केली आहे. सगळे शेवटी एकदम ओरडत होते, पण एक माणूस मात्र बरोबर शेवटचा ठरत होता. पेपीसने त्याला कारण विचारलं. तो म्हणाला, ज्योत विझण्याच्या क्षणी धूर खाली येतो, त्यावरून मला वेळ कळते. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा स्नायपर. त्याच्याकडे सॉफ्टवेअर नव्हतं, निरीक्षण होतं. ही नोंद वाचल्यापासून देवासमोरची समई विझताना मी धुराकडे बघते.

शेवटचा नियम बदलला की माणसं कशी बदलतात, हे पडताळून पाहायची एक सुरेख संधी 1999 च्या सुमारास आली. ईबे 1995 पासून चालू होतं. तिथे लिलाव ठरलेल्या सेकंदाला संपतो, मेणबत्तीसारखा. 1999 मध्ये ॲमेझॉननेही लिलाव सुरू केले (पुढे ते बंद पडले), पण नियम पावणीचा: शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली तर वेळ वाढणार, आणि सलग दहा मिनिटं शांतता झाल्याशिवाय लिलाव संपणार नाही. आल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोन अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडचे संगणकांचे आणि जुन्या दुर्मीळ वस्तूंचे लिलाव तपासले आणि 2002 मध्ये निष्कर्ष छापले. शेवटची बोली अखेरच्या पाच मिनिटांत आली असे लिलाव ईबेवर संगणकांत 40 टक्के आणि दुर्मीळ वस्तूंत 59 टक्के होते. ॲमेझॉनवर दोन्हींत सुमारे 3 टक्के.

या आकड्यांत दोन गोष्टी दडल्या आहेत. उशीर करणं हा माणसांचा स्वभाव असता तर दोन्हीकडे सारखाच दिसला असता. तो नियमाचा परिणाम निघाला. आणि ईबेवर दुर्मीळ वस्तूंत उशीर संगणकापेक्षा जास्त आहे, कारण संगणकाची किंमत कुणालाही दुकानात विचारता येते, जुन्या वस्तूची पारख मात्र मोजक्यांकडेच असते. मासळीच्या टोपलीशी थांबलेली बाई आठवा.

आता आपल्याकडचं. ईबेचा भारतातला कारभार 2018 च्या ऑगस्टमध्ये बंद झाला. आज गोव्यातल्या साध्या माणसाचा ऑनलाइन लिलावाशी संबंध येतो तो बहुधा बँकेने जप्त केलेल्या फ्लॅटच्या किंवा गाडीच्या निमित्ताने. गेल्या पावसाळ्यात माझा भाचा आला. म्हापशातला एक फ्लॅट बँकेने ई-लिलावात काढला होता. "मावशी, तू सांगतेस तसा मी शेवटच्या अर्ध्या मिनिटात उतरणार," म्हणाला. मी त्याला अटींचं पान काढायला लावलं. तिसऱ्या पानावर ओळ होती: शेवटच्या पाच मिनिटांत बोली आल्यास वेळ आपोआप पाच मिनिटांनी वाढेल. म्हणजे ही पावणी होती. इथे अर्धं मिनिट आधी उतरून काहीच साधत नाही. समोरच्याला उत्तर द्यायला पूर्ण पाच मिनिटं मिळतात. दुसरा फरक त्याहून मोठा: अशा लिलावांत तुम्ही जो आकडा बोलता तोच भरता. आपली कमाल मर्यादा पहिल्याच बोलीत टाकणं इथे मूर्खपणाचं ठरेल. इथे एकेक पायरी चढायची आणि आपल्या आकड्याशी थांबायचं.

पण तो आकडा ठरवायचा कसा? इथेच माणसं सगळ्यात जास्त बुडतात, आणि हे समजावायला मानशीइतकं चांगलं उदाहरण नाही. खाजन शेतांच्या (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतांच्या) बांधाला भरती-ओहोटीचं पाणी आवरणारं दार असतं, ती मानस. ओहोटीला तिथे जाळं लावून मासळी धरायचा हक्क ठरावीक मुदतीसाठी पावणीने जातो. शेवटे आणि काळुंद्रां हे मासे किती, सुंगटं (कोळंबी) किती येणार हे पावणीच्या दिवशी कुणालाच माहीत नसतं. समजा त्या मासळीची खरी कमाई दोन लाख होणार आहे. पाच जण अंदाज बांधतात: दीड, पावणेदोन, दोन, सव्वादोन, अडीच. सगळ्यांचे अंदाज मिळून सरासरी अगदी बरोबर आहे. तरीही पावणी कोण जिंकणार? ज्याचा अंदाज वरच्या बाजूला सगळ्यात जास्त चुकला तो. सव्वादोनवाला मागे सरला की अडीचवाल्याच्या हाती मानस येते, दोन लाखांची मासळी सव्वादोनच्या वर देऊन. जिंकणं हीच त्याच्या चुकीची खूण.

1971 मध्ये तीन अमेरिकी पेट्रोलियम अभियंत्यांनी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलपट्ट्यांच्या लिलावांबद्दल हेच दाखवून दिलं: कंपन्या लिलाव जिंकत होत्या आणि अपेक्षेएवढी कमाई होत नव्हती. याला जिंकणाऱ्याचा शाप म्हणतात. रॉबर्ट विल्सन यांनी यावर खोल काम केलं. त्यांना आणि पॉल मिलग्रोम यांना 2020 चं नोबेल लिलावांच्या सिद्धांतासाठी मिळालं. माटोळीच्या नारळाला मात्र हा शाप नाही. तो देवाचा म्हणून मला हजाराचा वाटत असेल तर तो माझ्यासाठी हजाराचाच आहे, दुसऱ्याच्या मतावर माझी किंमत अवलंबून नाही. फ्लॅट या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येतो. राहायला हवा असेल तर थोडा माटोळीच्या बाजूला, पुढे विकायला घेत असाल तर सरळ मानस. आणि मानशीसारख्या वस्तूत स्पर्धक जितके जास्त, तितका आपला आकडा खाली ठेवायचा असतो. माणसं नेमकी उलटं करतात. गर्दी बघून वर चढतात.

भाच्याला मी दोन दिवस कागद गोळा करायला लावले. बँकेची विक्री 'आहे तिथे, आहे तशी' असते. सोसायटीची थकबाकी, वीज-पाण्याची बिलं, घरपट्टी, आत कोण राहतं, ताबा प्रत्यक्ष मिळणार की नुसता कागदावर, हे सगळं घेणाऱ्याने बघायचं. बयाणा साधारणपणे राखीव किमतीच्या दहा टक्के. जिंकलं तर त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी, बयाणा धरून पंचवीस टक्के भरायचे आणि उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी तिलाही तीन महिन्यांची मर्यादा आहे. पैसे भरले नाहीत तर भरलेले जप्त होतात. कर्ज मंजूर झालेलं नसताना चेव येऊन वाढवलेल्या एका पायरीची किंमत काही लाख असू शकते.

ठरलेल्या सेकंदाला संपणाऱ्या लिलावांत मी आता काय करते, तेही सांगते. आकडा दोन दिवस आधी, शांतपणे, वहीत लिहिते. त्यात टपाल आणि कस्टम धरून. आकडा गोल ठेवत नाही. दोघांची मर्यादा सारखी निघाली तर आधी लावणारा जिंकतो, आणि उशिरा येणारी मी असते. म्हणून 75 ऐवजी 76.30. बोली साधारण दहा सेकंद असताना लावते. एका सेकंदावर नेण्यात काही मिळत नाही, कारण दहा सेकंदांतही समोरच्याला विचार करून नवा आकडा टाकणं जवळपास अशक्य असतं, आणि मला मात्र नेटवर्कच्या एका गचक्याला जागा उरते. वेळ साइटच्या घड्याळावर बघते. जून-जुलैत आमच्याकडे पाऊस वाऱ्यासह आला की वीज जाते, म्हणून लॅपटॉपसोबत मोबाइलवरही तेच पान उघडं ठेवते. आणि शेवटचा दिवस देवळातल्या सप्ताहाचा किंवा प्रवासाचा असेल, तर वहीतला आकडा सरळ दोन दिवस आधीच टाकून मोकळी होते. माहिती थोडी उघडी पडते, पण बोली न लावण्यापेक्षा ते बरं.

आपल्या वतीने शेवटच्या सेकंदाला बोली लावून देणारी सॉफ्टवेअरही मिळतात. त्यांना आपल्या खात्याचा पासवर्ड द्यावा लागत असेल तर मी देत नाही. तुम्हीही देऊ नका.

भाच्याच्या लिलावाच्या दिवशी तो आमच्याकडेच बसला होता. बाहेर पाऊस, टेबलावर त्याच्या हाताने लिहिलेला आकडा. चार जण उतरले होते, शेवटी दोघे उरले. पाच मिनिटं संपत आली की बोली यायची आणि घड्याळ परत पाचवर जायचं. सातव्यांदा वेळ वाढली तेव्हा चालू बोली कागदावरच्या आकड्याच्या पुढे गेली होती. तो मिनिटभर स्क्रीनकडे बघत राहिला. मग त्याने ती खिडकी बंद केली आणि बयाणा किती दिवसांत परत मिळतो ते बघायला अटींचं पान उघडलं.